परमुलखांतील विद्यार्थी आणि त्याचें बँकखातें

विद्यार्जनासाठीं परदेशीं जाणाऱ्या तरुणाला पुढें ज्या अडचणी येणार असतात, त्यांपैकीं थंडीची आणि जेवणाची अडचण घरच्या मंडळींनीं आधींच हेरलेली असते. लोकरीचे कपडे आणि मेतकुटाचा डबा त्याच्या सामानांत न चुकतां जातो. बँकखात्याची अडचण मात्र बहुधा कोणाच्या ध्यानांत आलेली नसते. गांवीं किंवा पुण्या-नागपुरास त्याचें खातें वडिलांच्या ओळखीच्या बँकेंत उघडलेलें असतें. अर्जावर सही करण्यापलीकडे त्याला कांहीं करावें लागलेलें नसतें. परक्या देशांत ती ओळख संपते. तेथें खातें उघडणें म्हणजे हा मनुष्य कोण, हा राहतो कोठें आणि ह्याचा पैसा कोठून येतो, ह्या तीन प्रश्नांचीं लेखी उत्तरें देणें होय. हीं उत्तरें कोणत्या क्रमानें द्यावयाचीं हें ज्याला ठाऊक असतें त्याचें काम कांहीं आठवड्यांत उरकतें. ज्याला ठाऊक नसतें त्याचें घरभाडें थकतें आणि पहिला पगार अडकतो.

ह्या विषयाचें एक उत्तम उदाहरण म्हणून जर्मनी घेतां येईल. तेथील विद्यापीठांत भारतीय विद्यार्थ्यांची संख्या २०२३-२४ च्या हिवाळी सत्रांत सुमारें ४९ हजारांपर्यंत गेली होती, आणि परदेशी विद्यार्थ्यांत त्यांचाच गट सर्वांत मोठा ठरला होता. त्यांतील पुष्कळजण शिकतां शिकतां अर्धवेळ काम करतात. काम उपाहारगृहांतील असो, कारखान्यांतील असो कीं विद्यापीठाच्या प्रयोगशाळेंतील असो, त्याचा मोबदला सामान्यतः हातांत पडत नाहीं, तो खात्यांत जमा होतो. घरभाडें, आरोग्यविमा, दूरध्वनीचें शुल्क हीं देणींही खात्यांतूनच जातात. म्हणून खातें नसलेल्या मनुष्याला खिशांत पैसे असूनही व्यवहार करतां येत नाहीं, असा विचित्र प्रसंग तेथें उद्भवतो.

प्रथम एक घोटाळा दूर केला पाहिजे. जर्मनीस जाणाऱ्या विद्यार्थ्याचा संबंध एका नव्हे, तर दोन खात्यांशीं येतो. पहिलें खातें व्हिसा मिळण्यापूर्वींच भारतांतून उघडावें लागतें. त्याला जर्मन भाषेंत ‘श्पेरकोंटो’, म्हणजे कुलूपबंद खातें, असें म्हणतात. एका वर्षाच्या निर्वाहाची रक्कम ह्या खात्यांत आगाऊ भरावी लागते. सप्टेंबर २०२४ पासून ही रक्कम वर्षास ११,९०४ युरो, म्हणजे दरमहा ९९२ युरो, अशी ठरविण्यांत आली. त्यापूर्वीं ती ११,२०८ युरो होती. शिष्यवृत्ति असलेल्यास किंवा जर्मनींतील कोणी रहिवासी अधिकृतपणें हमी घेत असल्यास ह्या खात्यावांचूनही भागतें. परंतु बहुतेकांना तें उघडावेंच लागतें. ह्या खात्यांतून खातेदाराला स्वतःहून कांहींही काढतां येत नाहीं. दर महिन्यास ठरलेला हप्ता तेवढा बाहेर पडतो. आणि तो ज्यांत पडावयाचा तें दुसरें खातें विद्यार्थ्यानें जर्मनींत पोंचल्यावर उघडावयाचें असतें. हें दुसरें खातें उघडलें नाहीं तर घरच्यांनीं कर्ज काढून भरलेले लाखों रुपये डोळ्यांना दिसतात, परंतु हातास लागत नाहींत.

ह्या दुसऱ्या खात्याचें नांव ‘गीरोकोंटो’. ‘गीरो’ हा शब्द मूळ इटालियन असून त्याचा अर्थ फेरा किंवा चक्र असा आहे. पैसा एका खात्यांतून दुसऱ्यांत फिरत राहतो, म्हणून हें नांव पडलें. नव्या विद्यार्थ्याला मात्र ह्या नांवाचा वेगळाच अनुभव येतो. घरमालक म्हणतो, आधीं खातें दाखवा. बँक म्हणते, आधीं पत्ता दाखवा. आणि पत्त्याची नोंद करणारी कचेरी म्हणते, आधीं घरमालकाचा दाखला आणा. बीज आधीं कीं वृक्ष आधीं ह्या जुन्या वादासारखाच हा फेरा आहे. तो कोठें तोडावयाचा हेंच शिकण्यासारखें आहे.

तो तोडण्याची योग्य जागा म्हणजे पत्ता. जर्मन कायद्याप्रमाणें नव्या घरांत राहावयास आलेल्या प्रत्येकानें दोन आठवड्यांच्या आंत स्थानिक नागरिक कचेरींत आपली नोंद करावी लागते. नोव्हेंबर २०१५ पासून ह्या नोंदीसाठीं घर देणाऱ्याचा लेखी दाखला आवश्यक झाला आहे, आणि तो दाखला देणें हें घर देणाऱ्याचें कायदेशीर कर्तव्य आहे. केवळ भाडेकरार दाखवून भागत नाहीं. म्हणून खोली ठरवितांना भाडें किती हें जसें विचारावें, तसेंच ‘नोंदीचा दाखला मिळेल ना?’ हेंही आधींच विचारून घ्यावें. जी खोली स्वस्त आहे पण जिचा दाखला मिळत नाहीं, ती शेवटीं महाग पडते. मोठ्या शहरांत ह्या कचेरीची वेळ पुष्कळ दिवस आधीं ठरवून घ्यावी लागते. तेव्हां जर्मनींत पोंचण्याची वाट न पाहतां ती भारतांतूनच राखून ठेवणें शहाणपणाचें ठरतें.

ह्या नोंदीबरोबर आणखी एक चाक फिरूं लागतें. नोंद झाल्यावर कांहीं आठवड्यांत अकरा आंकड्यांचा करक्रमांक टपालानें घरीं येतो. तो जन्मभर एकच राहतो. काम देणाऱ्याला तो कळवावा लागतो. आणि कामगारानें आपल्या हयगयीनें तो कळविला नाहीं, तर पगारांतून सर्वांत चढ्या वर्गाचा कर कापला जातो. येथें एक अगदीं क्षुल्लक वाटणारी गोष्ट सांगितली पाहिजे. जर्मनींत टपाल पोंचतें तें पेटीवरील नांव पाहून. भारतांतल्याप्रमाणें शेजाऱ्याला विचारून नव्हे. पेटीवर स्वतःचें आडनांव चिकटविलेलें नसेल, तर पत्र परत जातें. बँकेचें कार्ड एका पाकिटांतून आणि त्याचा गुप्त क्रमांक दुसऱ्या पाकिटांतून येतो. करक्रमांकही पत्रानेंच येतो. चार इंच कागदाची चिठ्ठी न लावल्यामुळें हें सर्व टपाल माघारी गेलें, असें अनेकांच्या बाबतींत घडतें.

पत्ता झाला कीं ओळखीचा प्रश्न येतो. ‘विश्वास पानिपतांत पडला’ असें मराठींत म्हणतात; युरोपांतील बँकांना तर कायद्यानेंच अविश्वासापासून आरंभ करावा लागतो. गुन्ह्यांतून आलेला पैसा बँकांच्या द्वारां स्वच्छ करून घेण्याचे प्रकार रोखण्यासाठीं जर्मनींत १९९३ सालीं पहिला कायदा झाला, आणि तेव्हांपासून खातेदाराची ओळख पटवून घेण्याचा भार बँकेवर आहे. ही ओळख तीन रीतींनीं पटविली जाते: बँकेच्या शाखेंत समक्ष जाऊन, टपाल कचेरींत पारपत्र दाखवून, किंवा दूरचित्रणाच्या साहाय्यानें घरबसल्या. तिसरी रीत सर्वांत सोयीची दिसते. परंतु प्रत्येक बँक प्रत्येक देशाचें पारपत्र दूरचित्रणावर स्वीकारतेच असें नाहीं. अर्ज भरण्यापूर्वीं तेवढें पाहून घेतलें म्हणजे फुकटचा हेलपाटा वांचतो. जातांना पारपत्र, व्हिसा किंवा निवासपरवाना, पत्त्याच्या नोंदीचा दाखला आणि विद्यापीठाचें प्रवेशपत्र इतकीं कागदपत्रें हातीं असावींत. कर कोणत्या देशांत भरतां, हाही प्रश्न अर्जांत असतो. खात्यांची माहिती देशादेशांमध्यें आपोआप कळविण्याची पद्धत २०१७ पासून भारत व जर्मनी दोघांनींही अंगीकारली आहे. म्हणून ह्या रकान्यांत खरें तेंच लिहावें.

मराठी विद्यार्थ्याच्या बाबतींत नांवाचा एक विशेष घोळ संभवतो. महाराष्ट्रांत स्वतःचें नांव, वडिलांचें नांव आणि आडनांव असा तिहेरी शिरस्ता आहे. जर्मनींत वैयक्तिक नांव व कुलनाम एवढेच दोन रकाने असतात. पारपत्रांत वडिलांचें नांव मुलाच्या नांवाला जोडलेलें असेल, तर जर्मन कचेरी तें त्याचें दुसरें वैयक्तिक नांव समजते. ह्यांत बिघडत कांहीं नाहीं, मात्र सगळीकडे एकच पाठ राहिला पाहिजे. पूर्वीं ह्याचें फारसें महत्त्व नसे. परंतु ९ ऑक्टोबर २०२५ पासून युरो चलनाच्या देशांतील बँकांना, पैसे पाठविण्यापूर्वीं, घेणाऱ्याचें नांव आणि खातेक्रमांक एकमेकांशीं जुळतात कीं नाहीं हें पाठविणाऱ्यास कळविणें बंधनकारक झालें आहे. काम देणाऱ्याकडे एक नांव आणि बँकेंत दुसरें, असें झालें तर पगार पाठविणाऱ्याच्या पडद्यावर धोक्याची सूचना उमटते. तेव्हां पारपत्रांतील नांव अक्षरशः जसेंच्या तसें करारांत, नोंदींत आणि खात्यावर लिहिलें जावें.

बँक कोणती निवडावी, हा पुढचा प्रश्न. जर्मनींत बँकांचे ढोबळ मानानें तीन वर्ग आहेत. पहिला वर्ग सार्वजनिक बचतपेढ्यांचा. त्यांचें मूळ १७७८ सालीं हँबुर्ग येथें गरीब मोलकऱ्यांच्या बचतीसाठीं निघालेल्या पेढीपर्यंत पोंचतें. दुसरा वर्ग सहकारी बँकांचा. आणि तो महाराष्ट्राला परका नाहीं. फ्रीड्रिश राइफायझन ह्यांनीं १८६४ सालीं हेडेसडोर्फ येथें शेतकऱ्यांची पतपेढी काढली. ह्या चळवळीचा अभ्यास करून फ्रेडरिक निकल्सन ह्यांनीं मद्रास सरकारला १८९५ ते १८९७ च्या सुमारास अहवाल सादर केला, आणि त्या विचारांतूनच १९०४ चा सहकारी पतपेढ्यांचा कायदा भारतांत आला. खेड्यांतील ‘सोसायटी’चा नातू जर्मन सहकारी बँकेंत खातें उघडावयास जातो, तेव्हां तो एका अर्थीं आजोळींच जात असतो. तिसरा वर्ग खासगी बँकांचा. त्यांतील कित्येकांना शाखाच नाहींत, त्यांचा सर्व व्यवहार दूरध्वनियंत्रावर चालतो. पुष्कळ बँका विद्यार्थ्यांना खातें विनाशुल्क देतात, पण ही सवलत कोणत्या वयापर्यंत आणि कोणत्या अटीवर आहे तें वाचून घ्यावें. ठेवीच्या सुरक्षिततेविषयीं मात्र तिन्ही वर्गांत निर्धास्त असावें. प्रत्येक खातेदाराच्या प्रत्येक बँकेंतील एक लाख युरोपर्यंतच्या ठेवीला कायद्याचें संरक्षण आहे.

आणि बँकेनें नकार दिला तर? ही भीति पोकळ नाहीं. ज्याचा मुक्काम दोन वर्षांचा, उत्पन्न थोडें आणि जर्मन भाषा अडखळती, अशा ग्राहकाची बँकेला गोडी नसते. बहुतेक विद्यार्थी नकार ऐकून मुकाट्यानें दुसरें दार ठोठावतात. त्यांना ठाऊक नसतें कीं, २०१४ सालीं युरोपीय संघानें केलेल्या निर्देशाला अनुसरून जर्मनींत १९ जून २०१६ पासून प्रत्येकाला मूलभूत खात्याचा हक्क मिळाला आहे. युरोपीय संघांत कायदेशीरपणें राहणाऱ्या कोणाही व्यक्तीला, तिला कायमचें घर नसलें तरी, हें ‘बाझिसकोंटो’ मागतां येतें. त्यासाठीं कायद्यानें ठरविलेला अर्जाचा नमुना आहे. पूर्ण भरलेला अर्ज हातीं आल्यापासून कामाच्या दहा दिवसांच्या आंत बँकेनें खातें देऊं केलें पाहिजे किंवा नकाराचें कारण लेखी कळविलें पाहिजे. आणि नकाराचीं कारणें कोणतीं असूं शकतात, तींही कायद्यानेंच मोजून ठेवलीं आहेत. जर्मनींत चालूं शकणारें दुसरें खातें आधींच असणें, हें त्यांतील एक. अकारण नकार मिळाल्यास बँकांवर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्याकडे दाद मागतां येते. ह्या खात्यावर उसनवारीची सवलत नसते, पण पगार घेणें, भाडें देणें आणि कार्ड वापरणें हें सर्व करतां येतें. शुल्क असतें, तथापि तें वाजवी असलें पाहिजे. एका मोठ्या बँकेनें अशा खात्यासाठीं दरमहा ८.९९ युरो आकारले, तेव्हां २०२० सालीं तेथील सर्वोच्च दिवाणी न्यायालयानें तें शुल्क अवाजवी ठरविलें. सारांश, खातें ही बँकेची मेहेरबानी नसून विद्यार्थ्याचा हक्क आहे. तो नम्रपणें पण लेखी मागावा.

खातें उघडलें कीं बावीस अक्षरांचा एक क्रमांक हातीं येतो. त्याला ‘आयबॅन’ म्हणतात. त्याच्या आरंभीं देशाचीं दोन अक्षरें, मग पडताळ्याचे दोन आंकडे, मग बँकेचे आठ आणि शेवटीं खात्याचे दहा आंकडे असतात. पडताळ्याच्या दोन आंकड्यांमुळें एखादा आंकडा चुकीचा पडला तर यंत्र तो तत्काळ ओळखतें. विद्यार्थ्याचें खातें दुसऱ्या एखाद्या युरो-देशांतील बँकेंत असेल, तरी केवळ तेवढ्यासाठीं काम देणाऱ्याला तें नाकारतां येत नाहीं. युरोपीय संघाच्या २०१२ च्या नियमानें तशी मनाई केली आहे. ह्याच खात्यांतून देणेकऱ्याच्या संमतीनें परस्पर पैसे वळते करून घेण्याची पद्धत तेथें सर्रास चालते. अशी वळती चुकीची वाटल्यास आठ आठवड्यांच्या आंत बँकेला सांगून ती परत फिरवितां येते, ही गोष्ट नवख्यांना क्वचितच ठाऊक असते. घरटी घेतली जाणारी नभोवाणीची वर्गणीही बहुधा अशाच रीतीनें जाते. ऑगस्ट २०२१ मध्यें ती दरमहा १८.३६ युरो अशी ठरली. चौघे एका घरांत राहत असतील तर ती एकदांच द्यावयाची असते.

आतां ज्याच्यासाठीं हा सारा खटाटोप, त्या पगाराविषयीं. युरोपीय संघाबाहेरील विद्यार्थ्याला वर्षांतून १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करण्याची मुभा मार्च २०२४ पासून मिळाली. त्यापूर्वीं ही मर्यादा १२० आणि २४० अशी होती. विद्यापीठांतील साहाय्यकाचें काम ह्या हिशेबांत धरलें जात नाहीं. किमान वेतनाचा दर २०२५ सालीं ताशीं १२.८२ युरो होता, आणि १ जानेवारी २०२६ पासून तो १३.९० युरो झाला. पगारांतून कर कापला गेला, तरी वर्षाचें उत्पन्न करमुक्त मर्यादेच्या आंत असेल, तर कापलेला कर परत मिळतो. ही मर्यादा २०२५ सालासाठीं १२,०९६ युरो होती. परताव्याचा अर्ज त्या वर्षानंतर चार वर्षांपर्यंत करतां येतो. ज्यानें आपल्या पगाराच्या पावत्या जपून ठेवल्या, त्याला ही रक्कम हमखास हातीं लागते.

येथवर सांगितलेल्या सर्व अडचणी वेळ खाणाऱ्या आहेत. परंतु एक धोका असा आहे कीं, तो आयुष्य बिघडवूं शकतो. परदेशी विद्यार्थ्याला कधीं संदेशांतून, कधीं ओळखीच्या ओळखीनें एक ‘सोपें काम’ देऊं केलें जातें. काम एवढेंच कीं, त्याच्या खात्यांत कांहीं रक्कम येईल. थोडी दलाली ठेवून बाकीची त्यानें सांगितलेल्या ठिकाणीं पाठवावी. कधीं नुसतें खातें आणि कार्ड भाड्यानें मागितलें जातें. हा पैसा बहुधा कोणाला तरी फसवून मिळविलेला असतो, आणि पोलीस माग काढीत येतात ते ज्याच्या नांवावर खातें आहे त्याच्याच दारीं. ‘मला ठाऊक नव्हतें’ हें उत्तर तेथें पुरत नाहीं. घोर निष्काळजीपणानें असा पैसा हाताळणाऱ्यालाही जर्मन दंडविधानांत दोन वर्षांपर्यंतच्या कैदेची किंवा दंडाची शिक्षा सांगितली आहे, आणि हें करणें जाणूनबुजून असेल तर पांच वर्षांपर्यंतची. शिवाय फसविलेल्या मनुष्याचे पैसे भरून द्यावे लागतात आणि निवासपरवाना धोक्यांत येतो तो निराळाच. जो इतक्या पायऱ्या चढून खातें मिळवितो, त्यानें तें शंभर युरोंच्या मोहापायीं दुसऱ्याच्या हातीं देऊं नये. खातें म्हणजे पैशाची पेटी नव्हे. तें त्याचें नांव आहे. मित्रालाही तें उसनें देण्याची वस्तु नव्हे.

दोन गोष्टी मायदेशाकडील. परदेशीं शिकावयास गेलेले विद्यार्थी परकीय चलनाच्या कायद्याखालीं अनिवासी समजले जातील, असें रिझर्व्ह बँकेनें डिसेंबर २००३ मध्यें स्पष्ट केलें आहे. तेव्हां भारतांतील जुनें बचतखातें तसेंच चालूं न ठेवतां, बँकेला कळवून तें अनिवासी साध्या खात्यांत पालटून घ्यावें. दुसरी गोष्ट शिक्षण संपवून परततांनाची. घाईघाईनें जर्मन खातें बंद करून विमान गांठणाऱ्याला पुढें घराची अनामत, विम्याची शिल्लक आणि कराचा परतावा घेण्यास जागा उरत नाहीं. उलट, खातें तसेंच सोडून येणाऱ्याचें मासिक शुल्क सांचत जातें. म्हणून सर्व येणें वसूल होईपर्यंत खातें चालू ठेवावें, बँकेला भारतांतील पत्ता कळवावा, आणि शेवटची रक्कम आल्यावर लेखी अर्ज देऊन तें बंद करावें. पत्त्याची नोंद रद्द करून घेण्यास मात्र विसरूं नये, आणि त्याचा दाखला जपून ठेवावा.

मुक्काम दोन वर्षांचा असला तरी हिशेब पुरा असावा. खोलीचा दाखला, पत्त्याची नोंद, मग खातें, मग करक्रमांक आणि मग पगार, हा क्रम ज्यानें घरून निघण्यापूर्वींच कागदावर लिहून घेतला, त्याला पहिल्या महिन्याचें भाडें देण्यासाठीं कोणापुढें हात पसरावा लागत नाहीं.